सीडी नसलेला सेकंड हँड लॅपटॉप: फॉरमॅट मारण्याआधी हे करा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाबद्दल आहे ते बाकीच्यांनाही कळेल. मुलगी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी तुम्ही पुण्यातून अठरा हजारांना सेकंड हँड डेल लॅटिट्यूड ७४९० घेतला. सोबत फक्त चार्जर मिळाला. सीडी, पेनड्राइव्ह, खोकं काहीच नाही. आठवड्यातच कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं यायला लागलं, अपडेट अर्ध्यावर फेल होतात, वाय-फाय मधूनच गायब होतं, दोनदा निळा स्क्रीन आला आणि चार्जर लावला की लॅपटॉप उलट मंद होतो. गावातल्या कारागिराने न उघडताच सांगितलं, “बाराशे द्या, फॉरमॅट मारून विंडोज टाकतो.” दुकानदाराची पंधरा दिवसांची हमी आहे, त्यातले सहा दिवस गेले. तुम्ही विचारताय की डिस्क नसताना हे दुरुस्त होईल का आणि डिस्क कुठून आणायची.

डिस्क कुठूनच आणायची नाही. ७४९०मध्ये सीडी घालायची जागाच नाही आणि तिची गरजही नाही. तुमच्या यंत्रावर शेवटी विंडोज नव्याने टाकावंच लागेल असं मलाही वाटतं. पण कारागीर जिथून सुरुवात करतोय, तिथे तुम्ही अगदी शेवटी पोचायचं आहे. मधल्या पायऱ्या गाळल्या तर बाराशे रुपये जातील, हमीचे दिवस जातील आणि दुखणं तसंच राहील. बावीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसून हे मी इतक्यांदा पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सीडीची भीती मुळात आली कुठून ते आधी सांगतो, कारण ती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. विंडोज एक्सपीच्या काळात ती खरीच होती. सिस्टिमची एखादी फाइल खराब झाली आणि आपण तपासणीची आज्ञा दिली की एक्सपी सरळ म्हणायचं, सीडी घाला. सीडी नसली की काम थांबलं. परवान्याचं पंचवीस अक्षरांचं स्टिकर यंत्राच्या पोटाला चिकटवलेलं असायचं आणि दोन उन्हाळ्यांत घासून पुसलं जायचं. व्हिस्टापासून चित्र बदललं. सिस्टिमच्या फाइलींचा एक साठा विंडोज स्वतःच्याच पोटात ठेवायला लागलं. विंडोज ८ आलं २०१२मध्ये. तेव्हापासून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या परवान्याची की, म्हणजे तो पंचवीस अक्षरांचा कोड, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून पाठवतात. विंडोज १० पासून यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही नोंदली जाते. म्हणजे पूर्वी सीडीवर आणि स्टिकरवर जे असायचं, ते आता मदरबोर्डमध्ये आणि इंटरनेटवर आहे. तुमच्या हातात डिस्क नाही म्हणून तुम्ही काही गमावलेलं नाही.

आता तुमच्या यंत्राकडे वळू. सगळ्यात आधी ज्या गोष्टी सॉफ्टवेअरच्या वाटतात पण तशा नसतात, त्या बाजूला काढा.

चार्जरपासून सुरू करा. चार्जर लावल्यावर लॅपटॉप मंद होतो, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला त्यातच सगळ्यात जास्त कळलं. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. त्या सुईतून चार्जर लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगतो. सेकंड हँड यंत्रासोबत बहुतेक वेळा डुप्लिकेट चार्जर देतात. लॅपटॉपला ओळख पटली नाही, की तो बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतो. सुरू होताना ‘ॲडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते का बघा. दिसत असेल तर शंभर वेळा विंडोज टाकलं तरी लॅपटॉप मंदच राहणार. दुकानदाराकडून चार्जर बदलून घ्या, तो तुमचा हक्क आहे. टचपॅड एका बाजूने उचलल्यासारखं वाटतंय का, तेही हात फिरवून बघा. या मॉडेलची बॅटरी बरोबर त्याच्या खाली असते. ती फुगली की टचपॅडवर आतून दाब येतो, आपोआप क्लिक होतात आणि लोक समजतात व्हायरस आहे. फुगलेली बॅटरी धोक्याची असते. तसं असेल तर यंत्र वापरणं थांबवा आणि आधी बॅटरी बदलून घ्या.

मग घड्याळ. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी तारीख मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि अपडेटही अडतात, कारण प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत त्या घड्याळाशी ताडली जाते. एका औषध दुकानदाराचा संगणक दोन ठिकाणी फॉरमॅट होऊन माझ्याकडे आला होता. बिलाचं सॉफ्टवेअर सर्व्हरला जोडलंच जात नव्हतं. सेल बदलला, तारीख लावली, काम संपलं. पण दोन फॉरमॅटमध्ये त्याची तीन वर्षांची खरेदीची नोंद गेली होती. ती मला परत आणून देता आली नाही, याचं वाईट अजून वाटतं.

यानंतर लॅपटॉपच्या आतली डिस्क (फाइली जिच्यात साठतात ती एसएसडी) आणि रॅम. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबत राहा, यादीत ‘डायग्नोस्टिक्स’ दिसेल. ही तपासणी डेलने मदरबोर्डमध्येच दिलेली आहे. विंडोज मेलेलं असलं तरी ती चालते. तिला पूर्ण चालू द्या, रॅमची लांब चाचणी विचारली तर हो म्हणा. काही खोट निघाली तर आकड्यांचा एक कोड येतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग विंडोजमध्ये येऊन ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर उघडा. एसएसडीची तब्येत ‘गुड’ आहे की ‘कॉशन’, किती टक्के आयुष्य उरलंय आणि एकूण किती तास चाललाय, हे एका खिडकीत दिसतं. तास जास्त दिसले म्हणून घाबरू नका, कंपनीतली यंत्रं दिवसभर चालूच असतात. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आलं तर मात्र पुढे काहीच करू नका. यंत्र उचला आणि हमीत असतानाच दुकानात न्या. खराब डिस्कवर टाकलेलं विंडोज महिन्याभरात पुन्हा असंच रडतं.

निळ्या स्क्रीनचा माग काढायला विंडोजमध्येच एक चांगली सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. दिवसांचा एक तक्ता उघडतो, त्यात ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसावर लाल फुली असते. फुली कधीपासून सुरू झाली आणि त्याच्या आदल्या दिवशी काय टाकलं गेलं, एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं. तुमच्याकडे वाय-फायचा त्रास अपडेटनंतर सुरू झाला असं वाटतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डावर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘ड्रायव्हर’ (तो भाग विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर) या भागात ‘रोल बॅक’ चालू दिसतंय का पाहा. चालू असेल तर जुन्या ड्रायव्हरवर परत जा. तिथेच ‘पॉवर मॅनेजमेंट’ हा भाग दिसत असेल, तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याच्या परवानगीसमोरची खूण काढून टाका. मधूनच गायब होणारं वाय-फाय बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: तो कोपऱ्यातला संदेश.

पुढे ज्या आज्ञा सांगतोय त्या मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘एसएलएमजीआर’ लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) आणि ‘डीएलआय’, मग एंटर. एक छोटी खिडकी येईल. त्यात ‘ओईएम’ दिसलं तर परवाना यंत्रासोबत आलेला आहे, ‘रिटेल’ म्हणजे कोणीतरी स्वतंत्र घेतलेला किंवा डिजिटल. ‘व्हॉल्यूम’ आणि पुढे ‘केएमएसक्लायंट’ असे शब्द असतील, तर हा मोठ्या संस्थांचा परवाना आहे. त्या पद्धतीत यंत्र अधूनमधून संस्थेच्या सर्व्हरला हजेरी लावतं. एकदा लावलेली हजेरी १८० दिवस चालते. घरात तुमच्याकडे तो सर्व्हर असणार नाही. म्हणजे विकणाऱ्याने एखादं चोरीचं ॲक्टिव्हेटर चालवून खोटी हजेरी लावली होती आणि आता ते बंद पडलंय. तुमच्या लक्षणांवरून मला नव्वद टक्के हेच वाटतं.

याची खात्री करण्याची आणखी एक जागा आहे. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्सक्लुजन्स’ म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी असते. नव्या यंत्रावर ती रिकामी हवी. तिथे एखादं अनोळखी फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर कोणीतरी पहारेकऱ्याला सांगून ठेवलंय की इकडे बघू नकोस. असली ॲक्टिव्हेटरं अँटिव्हायरस बंद पाडतात, अपडेटमध्ये ढवळाढवळ करतात आणि सोबत आणखी काय घेऊन येतात ते आपल्याला कळत नाही. त्यामुळे सगळं स्वच्छ होईपर्यंत या लॅपटॉपवर बँकेचं, शिष्यवृत्तीच्या अर्जाचं, यूपीआयचं काहीही उघडू नका. मुलीने आधीच कुठे लॉगिन केलं असेल, तर तिच्या मोबाइलवरून ते पासवर्ड आजच बदला.

असं नसतं, विंडोज अस्सल असतं आणि फक्त बिघडलेलं असतं, तर मी तुम्हाला नव्याने टाकायला सांगितलंच नसतं. मग साधी दुरुस्ती पुरली असती. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, ‘डिझम’ची (डी-आय-एस-एम) आज्ञा ‘ऑनलाइन’, ‘क्लीनअप-इमेज’, ‘रिस्टोअरहेल्थ’ या तीन शब्दांसह द्यायची, प्रत्येक शब्दाआधी तिरकी रेघ. ती विंडोजच्या पोटातला साठा तपासते आणि खराब फाइली थेट मायक्रोसॉफ्टकडून मागवते. एक्सपी जी सीडी मागायचं ती हीच, फक्त आता ती इंटरनेटवरून येते. ते झालं की ‘एसएफसी’ आणि तिरकी रेघ देऊन ‘स्कॅननाऊ’. क्रम हाच ठेवायचा. आधी साठा शुद्ध, मग त्यातून बाकीच्या फाइली. ज्यांचं विंडोज सुरूच होत नाही त्यांनी सुरू होताना पॉवरचं बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद करावं. पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात शेवटचं अपडेट काढून टाकण्याचा पर्याय आहे, तो आधी वापरावा.

पण तुमच्या विंडोजवर माझा भरवसा नाही. सेकंड हँडच्या धंद्यात विंडोजची एकच तयार प्रत (इमेज) शेकडो यंत्रांवर ओततात. जागा वाचवायला तिच्यातले भागही काढलेले असतात. अशा कापलेल्या विंडोजवर डिझम अडतं, सेटिंगमधलं ‘रिसेट’ही अर्ध्यावर थांबतं. तुमचे अपडेट अर्ध्यावर फेल होतात त्याचं कारणही बहुधा हेच. म्हणून पेनड्राइव्हवरून, अस्सल स्रोतातून, नव्याने. कारागिराच्या सल्ल्याशी माझा वाद इथे नाही. वाद आहे तो त्याच्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे याच्याशी. त्याला विचारा. ‘आधीच ॲक्टिव्हेट असलेलं’ असं उत्तर आलं, तर तो तुमच्याकडे आत्ता जे आहे तेच पुन्हा टाकणार आहे.

पुसण्याआधी परवान्याची की बोर्डमध्ये आहे का ते बघून घ्या. पॉवरशेल (आज्ञांची दुसरी खिडकी) उघडून ‘गेट-सिमइन्स्टन्स’ (‘सिम’ इंग्रजी सी अक्षराने) आणि एक जागा सोडून ‘सॉफ्टवेअरलायसेन्सिंगसर्व्हिस’ लिहा. लांबलचक यादी येईल. त्यात ‘ओए-थ्री-एक्स-ओरिजिनल-प्रॉडक्ट-की’ अशी ओळ शोधा. तिच्यासमोर पाच-पाच अक्षरांचे पाच गट असतील तर निश्चिंत व्हा, हा परवाना डेलकडून यंत्रासोबतच आलेला आहे. अठरा हजारांत तुम्ही तोही विकत घेतलाय. ती ओळ रिकामी असेल, तर हे यंत्र मुळात विंडोजऐवजी उबुंटू या फुकट सिस्टिमसह विकलं गेलं असावं किंवा मदरबोर्ड बदललेला असावा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

दुसरी तपासणी मालकीची, आणि हमीचे दिवस सांभाळायला मी सारखा सांगतोय ते यासाठीच. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अकाउंट्स’मध्ये ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. तिथे एखाद्या कंपनीचं नाव जोडलेलं असेल, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यातून सुटलेलं नाही. पण तिथे काही नसलं तरी प्रश्न संपत नाही. मोठ्या कंपन्या यंत्राचा हार्डवेअरचा ठसा मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवून ठेवतात. लॅपटॉप भंगारात किंवा लिलावात काढताना ती नोंद काढायला विसरल्या, की नव्याने टाकलेलं विंडोज इंटरनेटला जोडलं जाताच पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन मागतं. मागच्या वर्षी अभियांत्रिकीचा एक मुलगा असं यंत्र घेऊन आला होता. त्याने ते सात महिने वापरलं होतं, पहिल्यांदाच रिसेट केलं आणि हा पडदा आला. दुकानदाराकडे बिल नव्हतं, हमी कधीच संपलेली. ती नोंद फक्त मूळ कंपनीच काढू शकते. आडवाटा सांगणारे भेटतील, पण पुढच्या रिसेटला तो पडदा पुन्हा उभा राहतो. म्हणून ताई, नव्याने विंडोज टाकण्याचं काम येत्या नऊ दिवसांतच करा, आणि पहिली मांडणी (सेटअप) इंटरनेट जोडूनच करा. जे बाहेर यायचं ते हमीत असताना येऊ दे. त्याच दिवशी लॅपटॉप सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही जा. तिथे पासवर्ड मागितला आणि तो दुकानदाराने दिलेला नसेल, तर तो त्याच्याकडूनच काढून घ्या. सिक्युरिटीच्या यादीत ‘कम्प्युट्रेस’ किंवा ‘ॲब्सोल्यूट’ नावाची चोरीपासून संरक्षणाची सोय चालू दिसली, तर यंत्राचा इतिहास दुकानदाराला विचारा आणि लेखी बिल घ्या.

आता पेनड्राइव्ह. आठ जीबीचा पुरतो, त्यातलं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा. तो या लॅपटॉपवर बनवू नका, ज्याच्यावर भरवसा आहे अशा दुसऱ्या संगणकावर बनवा. भावाचा, ऑफिसचा, कॉलेजच्या लॅबमधला चालेल. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घ्यायचं. ते फुकट आहे. शोध घेताना वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका, पत्ता मायक्रोसॉफ्ट डॉट कॉमचाच आहे ना ते बघा. एकूण चार-पाच जीबी उतरवावे लागतात. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक याला पुरणार नाही, वाय-फाय असलेली जागा शोधा.

विंडोज कोणतं टाकायचं, १० की ११? तुमच्या यंत्रात बहुधा इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ ची अधिकृत मर्यादा तिथूनच सुरू होते, म्हणून ११ टाका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढवलेली मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. ‘टीपीएम’ (सुरक्षेची चिप) सापडत नाही असं इन्स्टॉलर म्हणाला तर बायोसमध्ये तो बंद असेल, चालू करा.

पुसण्याच्या आधी तीन गोष्टी बाहेर काढून ठेवा. पहिली, मुलीच्या फाइली. दुसरी, ड्रायव्हर. डिझमलाच ‘ऑनलाइन’, ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ आणि ‘डेस्टिनेशन’ असं सांगितलं आणि डेस्टिनेशनपुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता दिला, की चालू असलेले बाहेरचे सगळे ड्रायव्हर तिथे कॉपी होतात. नंतर वाय-फाय किंवा आवाज चालला नाही तर डिव्हाइस मॅनेजरला तेच फोल्डर दाखवायचं. तिसरी, फॉन्ट. तुमच्या घरात हे लागू नसेल, पण डीटीपीवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइली त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर नुसती इंग्रजी खिचडी दिसते. सुरुवातीच्या काळात एका छापखान्याचा संगणक मी फाइली घेऊन, पण फॉन्ट न घेता पुसला होता. लग्नसराईच्या पत्रिका अडकल्या. चूक माझी होती. तेव्हापासून फॉन्टचं फोल्डर कॉपी केल्याशिवाय मी कुठल्याच यंत्राला हात लावत नाही.

टाकण्याचं काम स्वतः करता येण्याइतकं सोपं आहे. मुलीलाच करू द्या. पेनड्राइव्ह लावून एफ१२, यादीत यूईएफआय लिहिलेल्या पेनड्राइव्हवर एंटर. (डेल, लेनोवो, एसरला सहसा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप.) बोर्डमध्ये की असेल तर इन्स्टॉलर ती स्वतःच वाचतो आणि विंडोजची आवृत्ती होम का प्रो हेही स्वतःच ठरवतो. त्याने की मागितली, तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जायचं आणि जी आवृत्ती यंत्रासोबत आली होती तीच घ्यायची. इथे चूक झाली तर नंतर ॲक्टिव्हेशन होत नाही. डिस्क दाखवणाऱ्या पडद्यावर तिच्यातले सगळे जुने भाग पुसा, रिकाम्या जागेवर ‘नेक्स्ट’ द्या. पेनड्राइव्हचे भागही त्याच यादीत दिसतात, आकार बघून पुसा.

डिस्कच दिसली नाही तर दचकू नका. डेलच्या बायोसमध्ये ‘सॅटा ऑपरेशन’ नावाची सेटिंग असते, कारखान्यातून ती ‘रेड ऑन’वर (RAID On) येते. नव्याने टाकतानाच ती ‘एएचसीआय’वर नेली तर चालतं. पण चालू असलेल्या विंडोजखालची ही सेटिंग कोणी सहज बदलली, तर पुढच्याच वेळी निळा स्क्रीन येतो. घाबरून फॉरमॅट मारू नये, सेटिंग परत होती तशी करावी, यंत्र जिवंत होतं. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांना हाच त्रास ‘व्हीएमडी’ नावाने होतो. तिथे त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवावा लागतो.

पुढे मांडणीत इंटरनेट मागेल आणि नेमकं वाय-फाय चालत नसेल. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोजला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर विंडोज ११ बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद करतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. म्हणून खातं मुलीच्या स्वतःच्या नावाने, तिच्या लक्षात राहील अशा पासवर्डने उघडा, आणि तो आकडा वहीतही उतरवून ठेवा. बायोस अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला की तो मागितला जातो. त्या दिवशी तो नसला तर डिस्कवरचं काहीच कोणाला काढून देता येत नाही, मलाही नाही.

डेस्कटॉप दिसला की ‘विंडोज अपडेट’ दोन-तीनदा चालवा, मधे रिस्टार्ट. उरलेले ड्रायव्हर डेलच्या संकेतस्थळावर मिळतात. यंत्राच्या पोटावर सात अक्षरांचा ‘सर्व्हिस टॅग’ असतो, तो टाकला की नेमके याच यंत्राचे ड्रायव्हर समोर येतात. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका. मग ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून बघा. बोर्डमध्ये की होती तर एव्हाना तिथे हिरवी खूण असेल.

की नव्हती तर? चारशे-पाचशेला ऑनलाइन मिळणाऱ्या की घेऊ नका. त्या बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या परवान्यातून फुटलेल्या असतात आणि कधीही बंद होतात. अस्सल परवाना या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने महाग पडतो. अशा वेळी मी दुकानदाराशी बोलायला सांगतो. विंडोजसह म्हणून विकलं असेल तर परवाना द्या किंवा पैसे कमी करा. तेही जमलं नाही तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम. ८ जीबी रॅमवर ते छान पळतं, पैसे लागत नाहीत. मात्र पॉलिटेक्निकमध्ये ऑटोकॅड असेल तर ते लिनक्सवर सरळ चालत नाही, हे आधी मुलीच्या शिक्षकांना विचारा. लिनक्स ठेवायचं नसलं तरी त्याचा पेनड्राइव्ह माझ्या पेटीत कायम असतो. यंत्रावर काहीही न टाकता तो थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतो. त्यात वाय-फाय तासभर अखंड चाललं, तर कार्ड चांगलं आहे आणि दोष विंडोजच्या बाजूला आहे. त्यातही तुटलं, तर कार्ड किंवा अँटेनाची तार. इतक्या स्वस्तात इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे याहून जुनी यंत्रं आहेत त्यांच्यासाठी दोनच ओळी. डिस्कमध्ये कंपनीने लपवून ठेवलेला रिकव्हरीचा भाग असतो, एचपीला एफ११ आणि एसरला ऑल्ट व एफ१० दाबून तो उघडतो. पण विकणाऱ्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली असेल तर तो भाग त्या डिस्कसोबतच गेला. विंडोज ७ चं स्टिकर पाहून विंडोज १० किंवा ११ फुकट मिळेल ही आशाही आता सोडा, ती वाट २०२३मध्ये बंद झाली.

ऑफिसचंही बघा, कारण जिथे विंडोज चोरीचं तिथे ऑफिसही तसंच असतं. नव्याने टाकल्यावर ते जाईल, जाऊ द्या. लिबरऑफिस फुकट आहे आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना कंपनी स्वतःच विनामूल्य देते, कॉलेजचा पुरावा लागतो. मराठी लिहायला ‘भाषा’च्या सेटिंगमधून मराठी घ्या. इनस्क्रिप्टसोबत फोनेटिक कीबोर्डही मिळतो, वेगळं काही उतरवायची गरज नाही.

आज संध्याकाळी चार्जर, डायग्नोस्टिक्स आणि पॉवरशेलच्या यादीतली परवान्याची की, एवढं बघा. रविवारपर्यंत पेनड्राइव्ह बनवून विंडोज टाकून घ्या. डायग्नोस्टिक्सने कोड दिला, मांडणीत कुठल्या कंपनीचं नाव आलं किंवा लिनक्समध्येही वाय-फाय तुटलं, तर सोमवारी यंत्र आणि मोबाइलमधले फोटो घेऊन थेट दुकानात जा. काहीच निघालं नाही तर तो पेनड्राइव्ह पुसू नका. त्यावर चिठ्ठी चिकटवून मुलीच्या बॅगेत ठेवा. वसतिगृहात तिच्या मैत्रिणींनाही तो लागेल.